पर्सिमनच्या झाडावर टांगलेला पुरावा

आदरणीय त्सुनेओमामा,

मित्सुएचा कमरेत वाकून नमस्कार. इकडे डोंगरमाथे पांढरे व्हायला लागले. तिकडे इदा गावात तुमची पर्सिमनची फळं सोलून वाळवणाच्या माळा टांगायची घाई चालली असेल. मामींचा गुडघा कसा आहे? (त्या ‘बरा आहे’ म्हणतील. तुम्ही खरं काय ते लिहा.)

गेल्या महिन्यात आमच्या रेडिओ दुर्बिणीवर एक प्रकार घडला. सतरा वर्षं मी पल्सार मोजते, म्हणजे मेलेला तारा घड्याळासारखी टिकटिक करतो ती. (आई याला नोकरी म्हणत नाही.) तर मोजता मोजता मधेच एक जोरदार ठोका आला, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता, आणि आमच्या ताऱ्याचा तर नव्हेच! वरच्या पट्टीतल्या लहरी आधी, खालच्या पट्टीतल्या रेंगाळत मागून. आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडून काही आलं की असं होतं. मी खुर्चीतून पडले. खरंच पडले, कोपर अजून सुजलेलं आहे.

कारण असाच ठोका, आकाशात साधारण त्याच जागी, आमच्या हातानोसरांना २००९ साली दिसला होता. मी तेव्हा नवी आणि अतिशहाणी. रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाची वीज असणार, असं मी सगळ्यांसमोर ठणकावलं. एवढ्यावर न थांबता कुंपणवाल्या आजोबांना आठवडाभर वीज बंद ठेवायला लावली. डुकरांनी त्यांची सगळी रताळी फस्त केली, सिद्ध काहीच झालं नाही, तरी माझा हेका सुटेना. सर एवढंच म्हणाले, “असेल बुवा.” पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

मार्चमध्ये सर निवृत्त होताहेत. दोन्ही ठोके एकाच ठिकाणचे निघाले, तर त्यांचंच खरं होतं हे जगाला कळेल. त्यासाठी जुनी नोंद हवी, आणि संगणकातली केव्हाच पुसली गेली.

तब्येतीला जपा.

तुमची भाची,
मित्सुए

ता. क. पाखरं हाकलायला झाडावर टांगण्यासाठी तुम्ही जुन्या चकचकीत डिस्क मागितल्या होत्या आणि मी खोकंभर दिल्या होत्या. त्यातली बेचाळीस नंबरची हवी आहे, ती जुनी नोंद तिच्यावरच आहे. तोडणी झाली म्हणून फेकून देऊ नका!

ता. क. २. रविवारी मी सरांना घेऊन येते. डिस्क तुमच्या कपाटात आहे असं त्यांना सांगितलंय. तेव्हा आधीच उतरवून ठेवा. (शिडीवर शेजाऱ्यांना चढवा, स्वतः नको.)

ता. क. ३. तिच्यावर माझ्या अक्षरात ‘हातानोंचा कचरा’ असं लिहिलेलं आहे. तेवढं पुसून टाका.

ता. क. ४. पुसू नका. ऊन-पावसानं आत काही उरलं नसेल, तर माझ्या चुकीची कबुली म्हणून सरांसमोर ठेवायला माझ्याकडे तेवढंच आहे.