पेडल मऊ लागतंय

६ जानेवारी २०२५, सोमवार

क्लच बसला. तोही भर मोशीच्या चौकात! पेडल दाबलं, गिअर टाकायला गेलो तर नुसती करकर, पडेचना. मागे ट्रेलर, त्याचा हॉर्न थेट डोक्यात. गाडी बंद पडली, चालू केली, परत बंद पडली. एक रिक्षावाला जाता जाता म्हणाला, "काका, नवीनच शिकताय का?" अरे, तुझं बारसं व्हायच्या आधीपासून स्टेअरिंग धरतोय मी.

चाकणला गेटवर पोचलो तेव्हा आपली वेळ निघून गेली होती. क्रेट उतरवून घेतले कसेबसे, पण आत लाइनवर माल संपत आला होता म्हणे. बबनरावांचा फोन आलाच. भोसरीच्या त्यांच्या वर्कशॉपमधला माल मी रोज चाकणला पोचवतो. मला तेवढं एकच काम आहे. म्हणाले, "ज्योतीराम, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कंपनीची लाइन थांबली तर माझंच काम जाईल. परत असं झालं तर मला दुसरी गाडी लावावी लागेल."

दुसरी गाडी कोणाची, ते मला सांगायला नको. दिघीच्या मैदानात माझ्या शेजारी सुजितची पिकअप उभी असते. नवी कोरी. पोरगं बीडकडचं, अजून बांधलेलं काम नाही. दिवाळीच्या सुमाराला मलाच विचारत होतं, "काका, चाकणची फेरी कोण देतं हो?" मीही शहाणा, सगळं सांगून बसलो.

काल रविवार. गाडी दिवसभर मैदानात. शनिवारी धडधाकट असलेली गाडी सोमवारी आजारी कशी पडते?

७ जानेवारी, मंगळवार

आल्यावर हवा काढली. हा तेलावरचा क्लच, नळीत हवा शिरली की पेडल मऊ पडतं आणि दाबलेलं खालपर्यंत पोचत नाही. हवा काढणं हे दोघांचं काम. एकाने वर बसून पेडल मारायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून निपल, म्हणजे नळीच्या टोकाचा हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करायचा, हवा निघाली की आवळायचं, मगच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा परत आत. सगळा खेळ भरवशाचा.

वर बसायला आमची ही. कंपनी बंद पडून मी ही जुनी गाडी घेतली तेव्हापासून पेडल मारायला हीच असते. यशोदाबाई, क्लच स्पेशालिस्ट! मी खालून म्हणायचं, "मार. धर." ही वरून म्हणणार, "धरलंय." मग निपल सोडायचं. "सोड." बाटलीत नळी बुडवून बघत बसलो. एक बारकासा बुडबुडा आला, मग नुसतं तेल. 

ही उतरताना म्हणाली, "मला तर पेडल घट्टच लागतंय." तिला काय कळतंय. मी वर बसून दाबलं तर पुरणपोळीच्या कणकेवर पाय ठेवल्यासारखं. खाली काही आहे की नाही असं वाटतं.

८ जानेवारी, बुधवार

वेळेत पोचलो. कुरुळीपाशी एकदा करकरली.

संध्याकाळी सुजित हसत हसत, "काका, क्लच काय म्हणतोय?" याला कोणी सांगितलं? मी तर तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

९ जानेवारी, गुरुवार

धम्मरत्नच्या गॅरेजला गाडी नेली. तेल सगळं बदलून घेतलं, वरचा डबाही धुऊन काढायला लावला. तो स्वतः भोसरीच्या पुलापर्यंत चक्कर मारून आला. म्हणाला, "काका, क्लच एक नंबर आहे. उगाच पार्ट बदलायला सांगत नाही मी."

माणूस तसा सरळ आहे, इतकी वर्षं ओळखतो. पण मग गाडी माझ्याच हातात का बिघडते? निघताना बघितलं तर त्याच्या बाकड्यावर कोण बसलंय चहा घेत? सुजित! "या काका, चहा घ्या." नको म्हटलं. तो चहा नंतर महागात पडतो.

दोघांचं काहीतरी शिजतंय. एकाने बिघडवायचं, दुसऱ्याने काही बिघडलं नाही म्हणून सांगायचं.

१० जानेवारी, शुक्रवार

मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. कंपनीत लाइनवर असताना आमचा नियम होता. नट आवळून झाला की नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या मार्करने एक सरळ रेघ ओढायची. नंतर कोणी तो नट केसभर जरी फिरवला तरी रेघ तुटलेली दिसते. मग साहेबाला काही विचारावंच लागत नाही. उमेदीची सगळी वर्षं त्या रेघा ओढण्यात गेली माझी.

आज मार्कर आणला. निपलवर रेघ ओढली, वर तेलाच्या डब्याच्या झाकणावरही ओढली. आता शिरा म्हणावं गाडीखाली.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी आधी गाडीखाली गेलो. रेघ जशीच्या तशी. झाकणाचीही.

पेडल मऊ!

चिंबळी फाट्याला गाडी अशी हिसका मारून पुढे गेली की पुढच्या टेम्पोला लागता लागता राहिली. वेळेत पोचलो. दिवसभर डोक्यात एकच, की रेघ न तोडता हवा आत जाते कशी? मग संध्याकाळी उत्तर सापडलं. सुजितच्या गाडीच्या चाकांकडे लक्ष गेलं. प्रत्येक नटावर पिवळी रेघ! म्हणजे मार्कर त्याच्याकडेही आहे. निपल फिरवायचं, काम झालं की पुसून नवी रेघ ओढायची. हिला सांगितलं तर म्हणते, "अहो, नव्या गाडीला कंपनीतूनच येतात तशा रेघा. तुम्हीच नाही का ओढायचात?"

ही त्याच्या बाजूने का बोलते?

१२ जानेवारी, रविवार

आता चपलाही चोरायला लागले. काल मैदानातून घरी आलो तर डाव्या पायात चप्पलच नाही. हिनेच दाखवलं. "एका पायाने अनवाणी आलात की हो रस्ताभर." आज सकाळी गाडीत सापडली, पेडलच्या मागे अडकवून ठेवलेली. म्हणजे काचा बंद असूनही कोणीतरी आत शिरलं होतं. पेडलच्या मागे चप्पल कोण ठेवतं? ज्याला पेडल खाली जाऊ द्यायचं नाही तोच!

ही माझ्या पायाकडे बघत बसली. काय बघतेस म्हटलं तर म्हणे काही नाही.

१३ जानेवारी, सोमवार

भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, सगळं साग्रसंगीत. पण जेवण गेलं नाही. दुपारी लवकर आलो तर ही स्वयंपाकघरात फोनवर, आवाज एकदम खाली. पलीकडे वर्षाली, आमची लेक, पिंपळे गुरवला असते. मी दाराशी उभा. ही म्हणत होती, "त्यांना आत्ताच कळू देऊ नको. ऐकायचे नाहीत." मी आत गेलो तर लगेच, "बरं ठेवते गं."

वर्षाली कधीपासून मागे लागली आहे, बाबा गाडी काढून टाका, आता आराम करा. आराम म्हणजे काय? गॅलरीत खुर्ची टाकून येणारीजाणारी माणसं मोजायची? गाडी गेली की या घरात मला कोण विचारणार आहे? वाईट एवढंच वाटतं, की पेडलवर बसणारं माणूसच उलटलं तर खाली झोपलेल्याने कोणाच्या भरवशावर निपल सोडायचं?

ही "धरलंय" म्हणते तेव्हा खरंच धरलेलं असतं का, हे मी खालून कधी बघितलंय?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सुजित तिळगूळ घेऊन आला. मला शुगर आहे म्हणून ही अर्धाच देते, याने दोन अख्खे लाडू हातावर ठेवले आणि वाकून नमस्कार केला. मला राहवलं नाही. मैदानात चार जण होते, त्यांच्या देखत म्हटलं, "लाडू नंतर दे. आधी माझ्या गाडीखाली कशाला शिरतोस ते सांग."

पोरगं पांढरं पडलं. म्हणालं, "काका, आईशपथ, मी हातसुद्धा लावला नाही." मग म्हणालं, "चावी द्या, मी चालवून बघतो, काय असेल ते सांगतो." दिली. मैदानाला फेरी मारून आला. सगळे गिअर लोण्यातून सुरी जावी तसे! उतरून म्हणाला, "काका, गाडीत काहीच नाहीये."

त्याच्या हातात नसणारच. ज्याने केलंय त्याला कुठे हात ठेवायचा तेही माहीत असणार. मी तिथूनच तडक सोपानरावांच्या घरी गेलो. जागा त्यांची, आम्ही सगळे त्यांच्याकडे गाड्या लावतो. जुने दिघीकर, माझं ऐकतात. सगळं सांगितलं. म्हणाले, "ज्योतीराम, तू म्हणतोस म्हंजी काय तरी असल. मला हितं भांडान नको. त्याला सांगतो, गाडी दुसरीकडं लाव."

घरी येऊन हिला सांगितलं. ही रडली. सुजितसाठी रडायचं काय कारण?

१५ जानेवारी, बुधवार

शेजारची जागा रिकामी. त्याची गाडी होती तिथे तेलाचा एक थेंबही नाही.

आता कसा क्लच बसतो ते बघू.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहायलाही हात धजत नाही.

चाकणच्या गेटवर रांगेत उभा होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून धरलेला. पुढे वॉचमन हातात पावती घेऊन नंबर बघत वाकलेला. आणि गाडी उसळली! वॉचमनने बाजूला उडी मारली म्हणून वाचला. गाडी गेटच्या आडव्या दांडीवर जाऊन थांबली, दांडी वाकली. सगळे धावले. कोणीतरी म्हणालं, "क्लच का सोडला?" सोडला नव्हता! पाय पेडलवरच होता, देवाशपथ. पाय दाबलेला असताना गाडी पुढे गेली.

वॉचमन माझ्याच वयाचा असेल. खाली बसला होता, पाणी पीत होता. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "दोन नातवंडं हायत मला."

बबनराव रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "सोमवारी गाडी ठीक करून आणा. नाहीतर सोमवारपासून मी दुसरी बघतो."

सुजित गेला, धम्मरत्नने गेल्या गुरुवारपासून गाडीला हात लावलेला नाही. उरलं कोण? उरली आमची ही.

१८ जानेवारी, शनिवार

काल दिवसभर हिच्याशी बोललो नाही. आज विचार पक्का केला. रविवारी हवा काढायची, पण उलट्या बाजूने. पेडलवर मी बसणार, निपलवर ही. दहा नंबरचा पाना कसा धरायचा ते तिला माझ्याइतकंच माहीत आहे. मी स्वतः दाबून धरेन, पाय जरासुद्धा हलू देणार नाही. तरीही हवा राहिली तर ती कोणामुळे, हे उजेडातच ठरेल.

हिला सांगितलं. वाटलं आढेवेढे घेईल. "बरं," म्हणाली. मग म्हणाली, "माझ्यावर संशय आहे का तुमचा?" मी पाना शोधायला उठलो. माझा जुना शर्ट काढून ठेवलाय तिने, गाडीखाली झोपायला.

१९ जानेवारी, रविवार

मी वर. ही खाली. "मारा," म्हणाली. मारलं. "धरा." धरलंय म्हटलं. खालून आवाज आला, "अहो, दाबा ना." म्हटलं दाबलंय. "इथला क्लचचा दांडा हलतच नाहीये. दाबा." मी सगळा जोर लावला. मांडी थरथरायला लागली. ओरडलो तिच्यावर, की खोटं बोलतेस.

ही खालून बाहेर आली. दार उघडून आत बघितलं आणि बघतच राहिली. मग माझा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला. तो पेडलवर नव्हताच. शेजारी, खाली अंथरलेल्या रबरी मॅटवर होता. तेच दाबत होतो मी. तिने तो पेडलवर नेऊन ठेवला. ठेवला हे मला डोळ्यांनी बघून कळलं.

वर्षालीने उद्याची शुगरच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती, मला न सांगता.

बबनरावांना फोन केला. उद्यापासून चाकणला सुजितला पाठवा म्हटलं. ते म्हणाले, "का, क्लचचं जमलं नाही?"

म्हटलं, क्लच चांगला आहे.