गुडघ्यांच्या वर्गात सांगून बसले

तीर्थस्वरूप ताईस,

पायांवर डोकं ठेवते (मनातल्या मनात, गुडघे वाकत नाहीत). भाऊजींचा खोकला थांबला का? नसेल तर आधी सिगारेट थांबव, औषध कशाला? मी ब्लाउज शिवतेय, म्हणजे बरी आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या पिल्लूने तुला फोनवर सांगितलं की मी मुलगी नाही, मुलगा आहे, आणि तू फोन ठेवलास. त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्या हातात कात्री होती. गिऱ्हाइकाची बाही आखूड झाली. म्हटलं, हे काय नवीन खूळ? तर म्हणाला, "आई, नवीन तुला आहे. मला पहिल्यापासून ठाऊक आहे." मी उठून भाजी फोडणीला टाकली. (जळली.)

मग डॉक्टरीणबाईंकडे गेले, औषध मागायला. त्या म्हणाल्या, हा आजार नाही, औषध कोणालाच नको, तुम्हाला मात्र चार माणसं हवीत. वाचनालयाच्या माडीवर अशा मुलांचे आईबाप जमतात, तिथे जा. गेले. माझा स्वभाव तुला माहीत, विचारत बसायचा धीर नाही. जे दार उघडं दिसलं त्यात शिरले, खुर्ची ओढली आणि कोणी काही म्हणायच्या आत सगळं ओकून टाकलं. पोरगं लहानपणी फ्रॉक फाडायचं ते, आरशाकडे पाठ करून केस विंचरायचं ते, आणि मी अडाणी बाई काही चुकीचं बोलले तर ते हातचं जाईल ही धास्ती, तीसुद्धा. रडलेही. सगळे एक पाय वर धरून ऐकत होते. म्हटलं, इथली पद्धत असेल. मीही धरला.

तो गुडघेदुखीचा व्यायामवर्ग होता. आईबाप शेजारच्या खोलीत.

पण ताई, कोणी हसलं नाही. एक म्हातारे मास्तर म्हणाले, "बाई, पाय खाली घ्या आता." मग म्हणाले, "माझा भाऊ असाच होता. घर सोडून गेला. आम्ही शोधला नाही. तुमचं पोरगं घरीच जेवतंय ना? मग अर्धं काम झालं." एका बाईने हाताला धरून मला शेजारी नेऊन बसवलं. तिथे काय शिकवलं? तो सांगेल त्या नावाने हाक मारा, बाकीचं हळूहळू कळेल. एवढ्यासाठी मी एवढा जिना चढले! आता दर आठवड्याला दोन्ही खोल्यांत जाते. गुडघाही जरा वळतोय.

पत्राचं कारण म्हणजे त्याला सदरा शिवायचाय. मी जन्मभर ब्लाउज शिवले, पुरुषाच्या कपड्याचा अंदाज नाही. भाऊजींचा एखादा जुना मापाला पाठव.

तुझी धाकटी

ता. क. सदरा नको. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तोवर शिवून झालाय. हाताच्या सवयीने बटणं बायकांच्या बाजूला लागली, आणि तो एका शब्दाने न बोलता तसाच घालून कामावर गेला. शेजारच्या शिंप्याने दाखवलं तेव्हा मला कळलं. सगळी उसवून पुन्हा लावली. मला जमलं, तर तुला न जमायला काय झालं?

आणखी ता. क. त्याला फोन कर. हल्ली फोन वाजला की आधी धावतो, नंबर बघतो आणि माझ्या हातात देतो. नवं नाव जिभेवर येत नसेल तर पिल्लूच म्हण. ते तूच ठेवलंस, माझ्या पोटावर हात ठेवून. तेव्हा कुठे विचारलं होतंस, मुलगा की मुलगी?