पाठमोरा नैवेद्य

३ मार्च, मंगळवार
किळस आली. दुसरा शब्दच नाही. झाडू घ्यायला जिन्याखाली वाकलो, तर खोक्यात एक दैत्य! वीतभर मातीचा, सुळे बाहेर, जबड्यात नातीच्या, आमच्या चिमणीच्या केसांचा गुंता आणि त्यावर फोडलेलं अंडं. मुंग्या लागलेल्या.

सूनबाई ओशाळलीसुद्धा नाही. "शुक्रवारी चिमणीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, बाबा. न्यायला देव येत नाही, हा येतो. म्हणून आधी ह्याचं पोट भरायचं." वाढताना म्हणे पाठ करायची, मागे वळून बघायचं नाही. तोंड बघवत नाही, तर पुजायचा कशाला?

४ मार्च, बुधवार
वास नाकातून जात नाही. माझ्या ऑपरेशनच्या वर्षी बायकोच्या हातांना असाच यायचा. केसांना अंडं लावते म्हणायची. "साठीत नटतेस होय?" मी चिडवायचो, ती लाजायची. गोड दिवस ते.

दुपारी चिमणीला दुसरीतली पाखरांची कविता म्हणून दाखवली. आम्ही ती बाकावर उभं राहून, डुलत म्हणायचो. मीही डुललो. तिसऱ्या कडव्यालाच तिला धाप लागली. ओठ निळसर. "आजोबा, पुढचं नंतर."

असं लेकरू घरात, आणि पूजा राक्षसाची! खोकं उचललं, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन टाकलं. अंगावरची पाल झटकल्यासारखं वाटलं.

५ मार्च, गुरुवार
सूनबाई भांडली नाही. चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "तो माझा नव्हता, बाबा. आईंनी जाण्याआधी दिला. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर त्या वाढायच्या त्याला, तुमच्या कंगव्यातले केस घेऊन. म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, माझ्या हातचं जेवायचे नाहीत."

खरंच जेवलो नसतो.

चाळीस वर्षं माझ्या कविता ऐकणारी, चुकलो तर पुढची ओळ सांगणारी. आणि हेच हात. किळस गेली असं नाही. आता कुणाची येतेय, ते कळेना. चहा तसाच राहिला.

६ मार्च, शुक्रवार
कुंडी अजून उचलली नव्हती. कोपरापर्यंत हात घालून काढला. एक सुळा तुटलाय. पाठ करून अंडं फोडलं. मंत्र येत नाही, पाखरांची कविता म्हटली, शेवटच्या कडव्यापर्यंत.

टॅक्सीत चिमणीने नाक मुरडलं. "आजोबा, हाताला कसला वास?"
म्हटलं, केसांना अंडं लावलं.
माझ्या टकलाकडे बघून हसली.