तीन नंबरचे दहा दिवस

१२ ऑक्टोबर
हेलसिंकीच्या आणखी एका पेपरनं छपाई बंद केली. आता म्हणे नुसता फोनवर निघणार! तिकडं माणसं पेपर घेईनाशी होतात आणि इकडं जंगलात आमच्या कागद गिरणीचं तीन नंबर मशीन थांबतं. विचार केला की डोकं गरगरतं. फोरमन उर्पो म्हणाला, नाताळपर्यंत नवं गिऱ्हाईक नाही मिळालं तर तीन नंबरला टाळं. सत्तावीस वर्षं चालवतेय मी ते.

१५ ऑक्टोबर
वारा पडला, पवनचक्क्या थांबल्या, वीज महागली. दुपारी विजेचे उद्याचे दर लागले, सगळे फोनात डोकं खुपसून. लगद्यासाठी लाकूड दळणं बंद! सीमेपलीकडचं लाकूड तर युद्धापासून येतच नाही. केवढं अजस्र मशीन, आणि कुठल्या कुठल्या गोष्टी त्याला हलवतात!

१९ ऑक्टोबर
व्हिएतनामहून पाहुणे येणार! खोक्यांचा तपकिरी कागद बनवणारी मोठी कंपनी. जग सगळं घरपोच मागवतंय, खोकी पुरत नाहीत. मॅनेजर लिंडरूसबाईंनी सांगितलं — तीन नंबरवर तपकिरी कागद घ्या, दहा दिवस तो एकदाही न तुटता चालवून दाखवा. आमचा विक्रम चार दिवसांचा!

२३ ऑक्टोबर
चालू झालं. जुन्या खोक्यांचा लगदा, नऊ मीटर रुंद कागद, मिनिटाला किलोमीटरभर. पाण्यासारखा शिरतो आणि दुसऱ्या टोकाला कोरडा, गरम बाहेर पडतो. इतकी वर्षं बघतेय, आजही अंगावर काटा आला. उर्पोला म्हटलं, तर म्हणाला, "अगं हिल्का, म्हातारी झालीस, रडतेस काय!" त्याचेही डोळे ओले होते, लबाड.

२८ ऑक्टोबर
पाहुणे आले. कॉफी, वेलचीचे पाव, संध्याकाळी सौनाची वाफ — सगळं यथासांग. सौनात सगळ्यात वरच्या, सगळ्यात तापलेल्या बाकावर बसले बिचारे, लालबुंद झाले, पण उठले नाहीत!
आम्ही कागदवाले नमुना हातात पडला की आधी कोपरा फाडतो, उजेडात धरतो, कानाशी फडफडवतो. यांनी नमुना घडी घालून सरळ खिशात टाकला. मग मशीनखाली रांगत शिरले, बोल्टांचे फोटो काढले, मोठा दरवाजा टेपनं मोजला. मला जरा विचित्र वाटलं. उर्पो म्हणाला, चोखंदळ गिऱ्हाईक असंच असतं, काम झालं समज.

१ नोव्हेंबर
नऊ दिवस. कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी घरी न जाता गिरणीतल्या जेवणाच्या खोलीतच पडले.

२ नोव्हेंबर
दहा!! एकदाही तुटला नाही! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा म्हातारा इंजिनिअर माझ्यापुढं वाकून उभा राहिला, मला लाजल्यासारखं झालं. वाचलं गं बाई माझं तीन नंबर.

६ नोव्हेंबर
करार झाला. कागदाचा नाही, मशीनचा. जानेवारीत सुटं करून बोटीनं नेणार. लिंडरूसबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्यांचं मन होत नव्हतं, हिल्का. तुमचे दहा दिवस बघितले, तेव्हा मशीन घेतलं त्यांनी."