अण्णांच्या इंजिनाची चाकं

३ मार्च

छोट्या गाड्यांच्या वेड्यांनो! तुमची चाकं, तुमचे सिग्नल, तुमचे नखाएवढे दिवे आज कुठे आहेत? बंदरावरच्या गोदामात धूळ खात पडलेत! आणि तुमचा गुन्हा काय? एवढाच, की तुम्ही —

इथे अडलो. पंधरा तारखेला मंडळात भाषण करायचंय. छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांचं आमचं मंडळ, घड्याळजी त्याचे सर्वांत जुने सभासद. घरी येऊन गळ घालून गेले. तू बोललास की भिंतीसुद्धा उभ्या राहतात, म्हणाले. भिंती उभ्याच असतात, असं ताई आतून म्हणाली.

अडचण वेगळीच आहे. जकातीच्या ज्या नव्या नियमाने ही पाकिटं अडली, तो यावा म्हणून वर्षानुवर्षं घसा मीच फोडला! बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मालाने दाराशी उभं राहून आपलं खरं वर्णन सांगावं, मगच आत यावं — हे वाक्य माझं. आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पूर्वी लहान पाकिटं न उघडता घरपोच येत, आणि त्यांच्याबरोबर विषारी रंगाची खेळणीही येत. नियम हवाच होता.

पण आता ताईचं पाकीट अडकलंय. त्यात अण्णांच्या इंजिनाची चाकं आहेत.

५ मार्च

आज ताईच्या मागच्या खोलीत बराच वेळ बसलो. दिवसभर ती बाहेर, कामाच्या जागी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, ताई त्यावरून दात करते. संध्याकाळी घरी त्याच चिमट्यांनी अण्णांचं स्टेशन छोट्या रूपात उभारते. ते खरं स्टेशन कधीच पाडलं. इथे मात्र पाण्याच्या टाकीखाली गळतीचा हिरवट ओघळ आहे. फलाटावरच्या बाकाची एक फळी मोडकी आहे, कारण ती मोडकी होती. मी म्हटलं, ही तरी नीट कर. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुस्तकाचं पान फाडायला सांगितलंय!

मी इतिहास वाचला, ग्रंथ पालथे घातले, पण खरेपणाचा एवढा हट्ट कुठल्याही पानावर भेटला नाही.

पलीकडच्या खोलीत अण्णा पडून असतात. आमच्या वडिलांनी आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं. आता डोळे गेले, कान मात्र शाबूत. बिछान्यावरून ओळखतात, ताईने हातोडी घेतली की कानस. डॉक्टर परवा म्हणाले, हृदय थकलंय, त्यांना काही ऐकवायचं असेल तर उशीर करू नका.

ताईला एकच हवंय — अण्णांनी आपलं इंजिन ओळखावं. वर्षाच्या सुरुवातीला प्लास्टिकची चाकं लावून तिने ते चालवलं होतं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाले, "छान आहे. कुणाची गाडी?"

ताई त्या दिवशी जेवली नाही. या मापाची धातूची चाकं करणारा एकच म्हातारा आहे, समुद्रापलीकडे. त्याला आम्ही चाकवाला म्हणतो.

९ मार्च

गोदामात गेलो. मी भाषण तयार ठेवलं होतं, ताईने डबा.

जकातीच्या अधिकारी बाई शांत, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. पाकीट त्यांनीच आमच्यासमोर उघडलं. वर्णनात लिहिलेलं — इंजिनाची चाकं, पोलादी धाव, व्यास पाच फूट. आत कापसात कोटाच्या बटणाएवढी सहा चाकं. बाईंनी टेप लावून मापली. पुन्हा कागद वाचला. मग खरंच वाकून टेबलाखाली पाहिलं!

"बाकीचं कुठंय?"

"हीच ती," ताई म्हणाली.

"इथे पाच फूट लिहिलंय."

"पाच फूटच आहेत."

मी कपाळाला हात लावला. आमच्या मंडळाची ही रीतच आहे. कुणी खरं माप उच्चारायचं नाही. इंजिन पन्नास फुटी, फलाट सहाशे फुटी, चाक पाच फुटी — मूळ गाडी जेवढी, तेवढंच बोलायचं. ज्याच्या तोंडून मिलिमीटर निघेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. चाकवालाही त्याच पंथाचा. ताईने फुटांत मागितली, त्याने फुटांत वर्णन करून धाडली. पूर्वी वर्णन वाचत होतं कोण!

बाईंना मात्र पाच फुटांचा माल वाटेत गायब झाल्याचा संशय. मग मी उभा राहिलो. जकातनाक्यांचा इतिहास, छंदाचं समाजातलं स्थान, माणसाचा निर्मितीचा हक्क — काही शिल्लक ठेवलं नाही. रांगेतले लोक माना डोलवायला लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं चौकातलं भाषण मी ऐकलंय," म्हणाल्या. "प्रत्येक मालाने दाराशी खरं सांगावं, असं म्हणाला होतात. मला पटलं होतं ते."

मी खाली बसलो.

पाठवणाऱ्याने दुरुस्त वर्णन पाठवायचं, त्यावर त्याच्याकडच्या कचेरीचा शिक्का हवा, तोवर चाकं इथेच. बाईंनी ती पुन्हा कापसात ठेवली, एकेक, बोटाने चाचपून. ताईने ते पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाली, हात चांगले आहेत बाईंचे. पायऱ्या उतरताना तिला हसू फुटलं, ते थांबेना. "भोंग्या, आज तुझ्याच शिटीने तुझी गाडी अडवली."

भोंगा हे माझं घरातलं नाव. सभेत ते कुणाला माहीत नाही, हे बरंय.

१० मार्च

ताईने चाकवाल्याला पत्र लिहिलं. मिलिमीटरमध्ये. मग उठली आणि सगळ्यांचा चहा केला.

१५ मार्च

मंडळात बोललो. नियमाविरुद्ध नाही, आपल्या फुटांविरुद्ध. दाराबाहेर मिलिमीटर, दाराच्या आत फूट, असं म्हटलं. टाळ्या जेमतेम. घड्याळजी म्हणाले, आग लावायला बोलावलं होतं, तू बादली घेऊन आलास. मागून कुणीतरी ओरडलं, भाषणात दोनदा मिलिमीटर आलंय! चहा मीच केला.

२० मार्च

चाकवाल्याचं उत्तर आलं. बिचारा शरमलाय. कागद दिलाय, पण त्याच्याकडच्या शिक्क्याला वेळ लागणार.

अण्णांचं बोलणं कमी झालंय. सकाळी मला हाक मारली ती इंजिनात कोळसा टाकणाऱ्या त्यांच्या जुन्या फायरमनच्या नावाने. मी ओ दिली.

ताई दारात उभी होती. मग म्हणाली, "माणसांना दात देते मी. गाडीला चाक देता येणार नाही?"

२४ मार्च

आज तिच्या कामाच्या जागी गेलो. कवळीची धातूची पट्टी ओततात तशीच चाकं ओतायची, असा तिचा बेत. आधी मेणाचं चाक कोरायचं. त्याभोवती साच्याचा लेप. भट्टीत मेण वितळून जातं, त्या पोकळीत धातू ओतायचा. एकेक आरा तिने सुईने कोरला. अख्ख्या दिवसात मी एक शब्द बोललो नाही. माझ्यासाठी हा विक्रमच!

ताई, काय हात आहेत तुझे!

२६ मार्च

घात झाला. साच्यातून निघालेलं एक चाक एका बाजूला चपटं. ताईला लगेच उमगलं. ते शेवटचं चाक तिने घरी कोरलं होतं. अण्णांनी पाणी मागितलं, म्हणून मेणाचं चाक ऊबदार असतानाच टेबलावर उभं ठेवून ती गेली. ते स्वतःच्याच भाराने खाली दबलं. बाकी पाच सुरेख.

ती ते टाकून देणार होती. पुन्हा ओतते, म्हणाली. आतल्या खोलीतून अण्णांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, उद्या चालव, आहे तशी.

"खोटी वाजेल."

"वाजू दे."

इतका आखूड युक्तिवाद मी आयुष्यात केला नव्हता. तिने ऐकलं.

२७ मार्च

लगेच लिहून ठेवतो.

दार सताड उघडं ठेवलं. मी अण्णांच्या पायाशी. ताईने गाडी सोडली. रुळांच्या सांध्यांवरून धातूचा आवाज आला — खरा, भरीव. आणि त्याच्या आतून, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, ठक्. ठक्. ठक्. ते चपटं चाक. ताईने ओठ चावला.

अण्णांनी मान वळवली. डोळे मिटलेले, चेहरा आवाजाच्या दिशेने.

"माझी आहे ही," म्हणाले.

ताई खाली बसली, तिथेच, फरशीवर. पण अण्णांचं संपलं नव्हतं. त्यांचा उजवा हात चादरीवरून पुढे सरकला, काहीतरी घट्ट धरून मागे ओढल्यासारखा.

"चाक घासलंय. वळणावर मी ब्रेक ओढला ना, तेव्हा घासलं." मग तो हात सैल सुटला. "वाचला का तो?"

कोण तो? आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. कधीतरी कुठल्यातरी वळणावर रुळावर कुणीतरी आलं असणार. अण्णांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं, आईजवळसुद्धा काढलं नसावं. तेव्हा घासून चपटं झालेलं चाक कारखान्यात जाऊन पुन्हा गोल झालं असेल. यांच्या कानात मात्र ते तसंच फिरत राहिलं.

मी अण्णांच्या पायांवर हात ठेवला.

आणि ताई — मोडकी फळी मोडकीच ठेवणारी, गळतीचा ओघळ न पुसणारी माझी ताई — जागची उठली, अण्णांच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "वाचला, अण्णा. घरी गेला चालत."

ते झोपले. गाडी ठकठकत फिरत राहिली. आम्ही दोघांनीही ती थांबवली नाही.

४ एप्रिल

अण्णा रोज संध्याकाळी विचारतात, आजची गाडी गेली का? ताई सोडते. ते ठक् ऐकतात, आणि पुन्हा तोच प्रश्न — वाचला का तो? ताईचंही उत्तर तेच. मग जेवतात. डॉक्टरांना आश्चर्य वाटतंय.

११ एप्रिल

चाकं सुटली. अधिकारी बाईंनी कापूस बदलून पाठवलीत. सहाही निर्दोष, तंतोतंत गोल, आरशासारखी! एकही ठक् करणार नाही. पलीकडे ताईने इंजिन उलटं करून गादीवर ठेवलंय. जुन्या चाकांचे पेच सैल करतेय, मला ऐकू येतंय. हजारोंपुढे बोलणारा मी, हे एक वाक्य आधी इथे लिहून पाहतोय. आता उठून तिला म्हणायचंय.

ताई, पेचकस खाली ठेव.