बंद फोनमुळे रद्द झालेला क्रमांक २१७ परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
युवा मानसोपचार विभाग,
सरकारी रुग्णालय, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराच्या कन्येचे नाव प्रतीक्षायादीत मूळ जागी पूर्ववत लावून तपासणीची तारीख लेखी देण्याबाबत.

संदर्भ : १) बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांची चिठ्ठी.
२) नाव कमी केल्याचे आपले पत्र.

महोदय,

या अर्जात एका मुलीची, एका फोनची व एका क्रमांकाची हकीकत घडल्या क्रमाने, काहीही न लपवता निवेदन करण्यात येईल. तीत चूक अर्जदाराची आहे हे आरंभीच मान्य करण्यात येत आहे, जेणेकरून आपला अमूल्य वेळ चूक शोधण्यात न जाता ती सुधारण्यात जावा.

अर्जदार हा मिक्सर, पंखे व तत्सम घरगुती यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर असून त्याचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. त्याची कन्या, वय एकोणीस, ही त्याच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली व्यक्ती होय. गतवर्षी परीक्षेच्या सुमारास तिने पुस्तके मिटली व ती पंख्याकडे पाहत बसू लागली. पंख्यातून दोन माणसे आपल्याविषयी बोलतात, असे तिने सांगितले. येथे अर्जदाराने बापाने करावे ते न करता कारागिराने करावे ते केले. त्याच्या धंद्यात आवाज आला म्हणजे त्यास कारण असते, आणि उघडल्याशिवाय ते कळत नाही. त्याने पंखा उतरवून बेअरिंग बदलले. "आता?" असे विचारता कन्या म्हणाली, "आता पंखा गप्प आहे, बाबा. ते फ्रिजमध्ये गेले." पुढे फ्रिज, मिक्सर, दारावरची घंटा अशी एकेक वस्तू उघडण्यात सात आठवडे गेले. अखेर अर्जदाराची पत्नी म्हणाली, "लोकांची यंत्रं चालू करता आणि घरातली सगळी बंद पाडलीत. आता पोरीला डॉक्टरकडे नेता की मी नेऊ?" तिचे म्हणणे रास्त होते.

संदर्भ क्र. १ मध्ये डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले आहे की, आजाराची ही पहिलीच वेळ असून उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी मुलगी सावरण्याची आशा अधिक. सबब दोन आठवड्यांत विशेष विभागात दाखवावे. आपल्या विभागात क्रमांक २१७ मिळाला व सात महिन्यांनी फोन येईल असे सांगण्यात आले. दोन आठवडे व सात महिने यांतील तफावतीबद्दल खिडकीवर विचारले असता, "काका, चिठ्ठी लिहिणारे पाच आहेत, तपासणारे एकच," असे उत्तर मिळाले. दरम्यान बाह्यरुग्ण विभागातून दिलेल्या गोळ्या कन्या जिभेखाली धरते व नंतर कुंडीत टाकते, कारण, ती म्हणते, त्या कोणी पाठवल्या हे तिला कोणी सांगत नाही.

सातव्या महिन्यात ते आवाज फोनमध्ये आले. कन्येने दोन दिवस अन्न घेतले नाही. तेव्हा अर्जदाराने तिच्यासमोर फोन खोलून त्याचे सर्व भाग बिस्किटांच्या डब्यात ठेवले. त्या दुपारी ती जेवली, आणि मीठ कमी आहे असेही म्हणाली. इतक्या महिन्यांत तिने केलेली ती पहिली साधी तक्रार होती. त्यामुळे फोन पुन्हा जोडण्याचा अर्जदारास धीर झाला नाही, व आपल्या फॉर्मवर तोच नंबर लिहिलेला आहे हे त्याच्या ध्यानातून साफ गेले. तो डबा एकोणीस दिवस बंद होता. त्या अवधीत आपल्या कार्यालयाने तीन वेळा फोन केला. मग संदर्भ क्र. २ चे पत्र आले की, रुग्णास उपचारांत स्वारस्य नाही असे गृहीत धरून नाव कमी केले आहे. आता नवा क्रमांक ६४१ असून अवधी चौदा महिने आहे.

खिडकीवरील बाई म्हणाल्या, "तीनदा रिंग दिली, काका. आता काय घरी येऊन हाक मारायची?" अर्जदाराने "हो" म्हटले. रांगेतील लोक हसले. परंतु ते उत्तर विनोदाने दिलेले नव्हते, याची नोंद व्हावी.

अर्जदाराच्या दुकानातही रांग असते. प्रत्येक वस्तूस तारखेची चिठ्ठी बांधली जाते व पहिली आलेली पहिली उघडली जाते. मात्र जिला जळका वास येतो ती रांगेत ठेवत नाहीत. ती त्याच मिनिटाला उघडतात, कारण मोटरमधील तारांचे वाइंडिंग एकदा जळाले की मग दुरुस्ती होत नाही, नवी मोटर बसवावी लागते. महोदय, येथे नवी कोठून बसवावी?

आवाजांतील ते दोघे कन्येस रोज सांगतात की तुला कोणी बोलावणार नाही. अर्जदार रोज सांगतो की बोलावतील. आजमितीस त्यांचे खरे ठरत आहे.

गेल्या मंगळवारी तिने अर्जदाराच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात ठेवला. म्हणाली, "बाबा, आता ते कुठल्याच वस्तूत नाहीत. माझ्यात आहेत. तुम्ही सगळं उघडलंत, आता मला उघडा." त्या दिवसापासून हत्यारांची पेटी शेजाऱ्यांच्या घरी ठेवली असून दुकान बंद आहे. आईबाप पाळीपाळीने तिच्याजवळ बसतात. तेहतीस वर्षांत दारात आलेली वस्तू अर्जदाराने न उघडता परत पाठवलेली नाही. ही एकच.

तरी क्रमांक २१७ परत द्यावा. ते नियमात नसल्यास, ज्या दिवशी कोणी रुग्ण येणार नाही त्या दिवशी त्याच्या खुर्चीवर तिला बसवावे. अर्जदार तिला घेऊन रोज बाकावर थांबेल. तेही नसल्यास निदान तारीख शिक्क्यासह कागदावर द्यावी, म्हणजे ती तिला दाखवता येईल. आपल्या खिडकीवरील आकड्यांचा फलक अठ्ठ्याऐंशीवर अडकला आहे. तो अर्जदार दुरुस्त करून देईल, अर्जाचे काहीही होवो.

फोन पुन्हा जोडला असून तो घरात न ठेवता समोरच्या शिंप्याकडे ठेवला आहे. त्याने धावत येऊन सांगण्याचे कबूल केले आहे. फक्त त्याचे मशीन मोठ्याने चालते. म्हणून या खेपेस रिंग थोडी जास्त वेळ द्यावी, ही विनंती.

हा कागद ज्या ज्या टेबलावरून जाईल तेथे तो शेवटपर्यंत वाचणाऱ्या प्रत्येकाचा अर्जदार ऋणी आहे.

आपला नम्र,
(सही)
मिक्सर-पंखे दुरुस्तीवाला,
क्रमांक २१७ चा बाप

दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत : १) डॉक्टरांची चिठ्ठी. २) आपले पत्र. ३) क्रमांक २१७ ची मूळ पावती; घडीवर फाटल्याने चिकटपट्टी लावली आहे.