ऑप्शनला टाकलेलं युनिट

जाम
८ नोव्हेंबर २०२४

चि. सरिता हिले अ. आ. व सप्रेम जय भीम.

तुही वहिनी म्हणते, घरात फोन असतानी भाऊ-बहीण कागदं काऊन खराब करता? मेघाले काय समजावू! फोनवरचं हवेत जाते. लिहिलेलं खिशात राह्यते, खांबाखाली उभं राहून पुन्हा वाचता येते.

तू दिवाळीलेही आली नाई म्हणून आई कुरकुर करून राह्यली. तुह्यं पत्र मी वाचून दाखवतो, मंग ते हातात घेऊन ती उगीच उलटंसुलटं पाह्यते. आल्यागेल्याले सांगते, माही पोरगी लाइटीची इंजिनेर होऊन राह्यली. मी सहा वर्सं झाले त्याच लाइटीच्या खांबावर चढतो, त्याचं कोणाले काई नाई!

आता कामाचं. आमचे जुने लाइनमन प्रभाकरराव रिटायर झाले. स्विच पाडून लाइन बंद केली तरी ते आधी तारांवर अर्थिंगची साखळी टाकत, का चुकून करंट आलाच तर जमिनीत जावा. मंगच शिडी. नवा सुपरवायझर म्हणते, दिवसाच्या बारा तक्रारी, साखळीत वेळ दवडू नका. प्रभाकरराव म्हणत, मेलेल्या लाइनवर भरोसा ठेवू नको. आता तूच सांग, स्विच पाडला म्हणजे लाइन मेलीच ना? तू म्हणशील तसं करीन.

जेवत जाजो, बारीक होऊ नको. माया राहू दे.

तुहा दादा,
राकेश

*

अमरावती, मुलींचं वसतिगृह
१५ नोव्हेंबर २०२४

ती. दादास सविनय जय भीम.

पत्र मिळालं. सोमवारी स्विचगिअरचा पेपर आहे, म्हणून घाईत लिहिते. पाच युनिटं आहेत. पाचवं मी ऑप्शनला टाकलं. रागावू नको, इथे सगळेच टाकतात, चार युनिटांवर आरामात निघतो पेपर.

तुझा प्रश्न तर दुसऱ्या वर्षाचा आहे रे! सर्किट तुटलं की करंट वाहूच शकत नाही. आपल्याकडे लाइन एकाच बाजूने येते. स्विच उघडा म्हणजे लाइन मेली, मेलेली काय चावणार? साखळी ही प्रभाकररावांची जुनी भीती. टाकलीस तर चांगलंच, नाही टाकलीस तरी बिघडत नाही.

बघ, फुकट सल्ला दिला इंजिनिअर बाईंनी. फी म्हणून वहिनीच्या हातची अंबाडीची भाजी नि ज्वारीची भाकर तयार ठेव. आईला सांग, पेपर संपले की येतेच. लोभ आहेच, तो वाढवत जा.

तुझी लाडकी (तू नाही म्हणालास तरी),
सरिता

*

अमरावती
१२ डिसेंबर २०२४

ती. दादास सविनय जय भीम.

सेवाग्रामच्या दवाखान्यात तीन दिवस तुझ्या खाटेजवळ बसले. तुझे दोन्ही हात पट्ट्यांत होते. तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. वहिनी म्हणाली, औषधाची गुंगी आहे. मला माहीत आहे, गुंगी नव्हती.

आल्यावर पाचवं युनिट उघडलं. दुसऱ्याच पानावर आहे, दादा. चित्रासकट आहे. तू लाइन बंद केलीस, म्हणून त्याच लाइनवरच्या मंगल कार्यालयातले दिवे गेले. दिवे गेले म्हणून त्यांनी जनरेटर लावला. तो लाइनपासून तोडायचा स्विच त्यांच्याकडे नव्हताच. करंट उलटा डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये गेला, तिथे अकरा हजार व्होल्टचा झाला आणि तू धरलेल्या तारेत आला. खाली लिहिलंय, म्हणून काम सुरू करण्याआधी साखळी. मी हे वाचलं नव्हतं रे. वाचलं नव्हतं तर माहीत नाही म्हणून लिहायचं होतं. मला शहाणपणा मिरवायचा होता.

पेपरात मला अठ्ठावन्न पडले. पाचव्या युनिटाशिवाय.

चौकशीत माझं पत्र दाखव. नाहीतर मीच साहेबांना लिहिते, की माझ्या सांगण्यावरून त्याने साखळी टाकली नाही. आणि मी कॉलेज सोडते आहे. लोभ ठेव असं कोणत्या तोंडानं लिहू?

सरिता

*

सेवाग्राम
२ जानेवारी २०२५

चि. सरिता हिले अ. आ. व जय भीम.

अक्षर मेघाचं आहे, बोलणं माह्यं. डॉक्टरनं दोन्ही हात कोपरापासून काढले. आता पट्ट्या लहान झाल्या.

चौकशीवाले साहेब आलते. साखळी काऊन नाई टाकली, विचारलं. मी म्हटलं, विसरलो. सुपरवायझर बाजूलेच उभा होता, त्यानं लगेच मान हलवली. तू कोणाले काई लिहू नको. तुह्यं पत्र शर्टाच्या खिशात होतं, शर्टासंग जळलं. 'मेलेली काय चावणार', मले पाठ आहे. मेघाले मात्र हे आजच समजलं, तुह्यं मागचं पत्र वाचून दाखवता दाखवता. पेन ठेवून भाईर गेलती. बऱ्याच येळानं आली. आता लिहून राह्यली.

राग आहे का म्हणशील तं आहे. खोटं काऊन बोलू? मले घास भरवते मेघा, तवा तुह्यं नाव घेऊन रडाले येते. पण कॉलेज सोडशील तं माहे हात फुकट गेले असं समजीन. माह्या जागी रत्नदीप लागला. तोही साखळी टाकत नाई. त्याले पत्र लिही. पाचवं युनिट पुरं वाचून मंगच लिहिजो.

साहेबाच्या कागदावर सही पाहिजे होती. सही नसन तं अंगठा द्या म्हणे, नि मंग त्याचंच तोंड उतरलं. शेवटी घरच्या कोणाचा तरी चालन म्हणाला. आईनं पदराले हात पुसून आपला अंगठा उठवला. वर लिहिलं होतं, कामगाराच्या स्वतःच्या चुकीनं अपघात झाला. तिनं विचारलं, काय लिहिलं बापा? मी सांगतलं, पोरगं बरं होईन असं लिहिलं.

माया आहे. थोडे दिवस भेटाले येऊ नको.

तुहा दादा,
राकेश